अकरा रिळं आणि पुसलेला चेंडू: जुन्या फिल्म डिजिटल करून देणाऱ्या सेवेचा अनुभव

पाचपैकी साडेतीन तारे. आधी चार लिहिले होते, मग ती क्लिप परत पाहिली आणि अर्धा तारा कापला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी त्यांनी चूक निस्तरून दिली आणि फोनवरचा मुलगा गुणी होता. पण अशा कंपन्या अमेरिकेत बऱ्याच आहेत, सगळ्यांचं यंत्र आणि सगळ्यांची बोलणी थोड्याफार फरकाने सारखीच. तुमच्याकडे जुनी फिल्म पडून असेल तर आधी हे वाचा, मग पैसे भरा.

काम असं होतं. 16 मिलिमीटरच्या फिल्मची अकरा रिळं, प्रत्येक 400 फुटांचं, काळीपांढरी, आवाज नसलेली. फिल्मवर आहेत आमच्या मुलाच्या हायस्कूलच्या फुटबॉल टीमचे 1981 च्या सीझनमधले चार सामने. सीझन दहा सामन्यांचा होता, उरलेले सहा कुठे गेले देव जाणे. शाळेची जुनी इमारत पाडताना कोचच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं, आणि त्यातले हे डबे जुन्या खेळाडूंपैकी कोणीतरी कचऱ्यातून वाचवले. फिरत फिरत ते आमच्या घरी आले. मुलगा 2024 च्या ऑगस्टमध्ये साठीचा झाला. साठीशांत करायची नाही म्हणाला, तर म्हटलं निदान हे तरी करू.

आता फुटबॉल म्हटल्यावर आपल्याकडचा डोळ्यासमोर आणू नका. हा इकडचा, चेंडू हातात धरून पळायचा आणि एकमेकांना आडवं पाडायचं. आम्ही 1969 मध्ये ओहायोत ॲक्रनला आलो. हे रबराच्या कंपनीत केमिस्ट. गावाला तेव्हा रबराचा वास यायचा, कपडे वाळत घातले तरी तो वास. तिथून अर्ध्या-पाऊण तासावर मॅसिलन नावाचं गाव आहे, तिथल्या दवाखान्यात मुलगा जन्मला की पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायचे. पॉल ब्राउन, ज्यांच्या नावावरून क्लीव्हलँड ब्राउन्स या पगारी टीमचं नाव पडलं, ते 1932 ते 1940 तिथल्या हायस्कूलचे कोच होते. मॅसिलन आणि शेजारच्या कँटन गावची मॅकिन्ली शाळा यांच्यातला सामना 1894 पासून चालू आहे. अशा मुलखात आम्ही आपला एकुलता एक मुलगा घेऊन येऊन पडलो. त्याला सॉकर आवडायचा आणि अंगावर मांस नव्हतं.

त्याला टीममध्ये घेतलं ते किक मारायला. कोच जुन्या वळणाचे, सरळ धावत येऊन बुटाच्या चौकोनी टोकाने चेंडू उडवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. तिरकं धावत येऊन पायाच्या वरच्या बाजूने मारायची पद्धत सॉकरवाल्यांची. मोठ्या, पगारी लीगमध्ये ती 1964 मध्ये पीट गोगोलाक या हंगेरीतून आलेल्या मुलाने आणली होती, पण आमच्या कोचपर्यंत पोचायला तिला सतरा वर्षं लागली. शिवाय 1981 च्याच जानेवारीत ब्राउन्स हाडं गोठवणाऱ्या थंडीत ओकलंड रेडर्सकडून 14-12 असे हरले होते. त्यांच्या किकरच्या दोन किक आधीच चुकल्या होत्या, म्हणून शेवटच्या मिनिटात किक न मारता पास टाकला आणि तो समोरच्याने पकडला. सगळा ईशान्य ओहायो सुतकात होता. त्या वर्षी आमच्या भागात 'किकर' हा शब्द चांगल्या अर्थाने कोणी उच्चारत नव्हतं, आणि नेमकी त्याच वर्षी शाळेने माझ्या सतरा वर्षांच्या काटकुळ्याला 3 नंबरची जर्सी दिली.

असो. सेवेबद्दल सांगते.

वेबसाइटवर भाव लिहिला होता फुटाला 24 सेंट, वर 'साफसफाई'चे 6 सेंट. साफसफाई म्हणजे धूळ, केस, ओरखडे कॉम्प्युटरने काढून टाकणं. त्या चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली होती. नको असेल तर आपण काढायची. मी काढली नाही. स्वच्छ कोणाला नको असतं? ही माझी चूक, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

डबे पाठवायचा खोका त्यांनीच दिला, आत फोम, प्रत्येक डब्यावर लावायला चिकटपट्टी. हे उत्तम. डबे उघडले तेव्हा दोन डब्यांतून भपकन आंबट वास आला, लोणच्याची बरणी उघडल्यासारखा. जुनी ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की तिच्यातून व्हिनेगरचा वास येतो, आणि ती आक्रसते. त्यांनी तपासून प्रामाणिकपणे कळवलं की ही दोन रिळं यंत्रातून जाणार नाहीत, भोकं दात्यांवर बसत नाहीत, जबरदस्ती केली तर फाटतील. त्या दोघांचे पैसे घेतले नाहीत. याबद्दल पूर्ण तारा.

उरली नऊ. एक रीळ जेमतेम अकरा मिनिटांचं, म्हणजे सगळी मिळून शंभर मिनिटांच्या आत-बाहेर. एवढ्यात साडेतीन सामने कसे मावतात असं नातीने विचारलं. मावतात, कारण कॅमेरेवाला चेंडू खेळात असेल तेवढाच वेळ कॅमेरा चालू ठेवायचा. फिल्म महाग. खेळाडू ओळीत उभे राहिले की सुरू, शिट्टी वाजली की बंद. त्यामुळे बँड नाही, चीअर करणाऱ्या मुली नाहीत, बाकांवर ब्लँकेटं पांघरून बसलेलो आम्ही तर नाहीच. नुसती माणसं उभी राहतात, आदळतात, थांबतात. पुन्हा उभी राहतात. सणासुदीचा व्हिडिओ मिळेल अशा आशेने पाठवणार असाल तर सांगून ठेवते, ही कोचची फिल्म असते, घरच्यांची नव्हे. शुक्रवारी रात्री सामना, रातोरात लॅबमध्ये धुऊन शनिवारी सकाळी तयार, आणि मग पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या कोचशी अदलाबदल. तुमचा सामना आम्हाला पाहायला द्या, आमचा तुम्ही घ्या. एकदा ह्यांनीच अर्ध्या वाटेवरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन डबा देऊन डबा आणला होता. घरी आल्यावर म्हणाले, हेरगिरी इतकी उघड मी कुठे पाहिली नाही.

शुक्रवार का, तेही सांगते, इतक्या वर्षांनी मला आत्ता कळलं. शनिवार कॉलेजवाल्यांचा, रविवार पगारी खेळाडूंचा. आणि 1961 च्या कायद्यात 1966 च्या दुरुस्तीपासून अशी तजवीज आहे की हायस्कूलच्या सीझनमध्ये मोठ्या लीगने शुक्रवारी संध्याकाळी सामने टीव्हीवर दाखवून पोरांचा प्रेक्षक पळवू नये. मुलाने सांगितलं. पंचावन्न वर्षं ह्या देशात राहून मला वाटत होतं, दुसऱ्या दिवशी शाळा नसते म्हणून.

पाच आठवड्यांनी लिंक आली. फायलींची नावं 001 ते 009. डब्यांवर कोचच्या अक्षरात प्रतिस्पर्धी शाळा, तारीख, कितवं रीळ असं सगळं लिहिलेलं होतं, ते कोणी टाइप करायची तसदी घेतली नाही. मी दोन संध्याकाळी बसून स्कोअरबोर्डवरून जुळवत बसले.

जुळवता जुळवता 004 वर अडले. चित्र स्वच्छ, पण डोकं गरगरायला लागलं. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळेना. मग आमचा मुलगा धावत आला आणि त्याने डाव्या पायाने किक मारली.

मी फोन केला. पलीकडचा मुलगा अगदी नम्र, दर वाक्याला मॅम. मी म्हटलं, हे रीळ उलट्या बाजूने स्कॅन झालंय, आरशात पाहिल्यासारखं. तो म्हणाला, तपासतो. पाच मिनिटांनी म्हणाला, मॅम, तुमचा खेळाडू डावऱ्या पायाचा असू शकेल का? मी म्हटलं, बाबा रे, तो बाहेर यायच्या आधीपासून मला त्याच्या लाथा पाठ आहेत. इंग्रजीत ते इतकं चांगलं वाटलं नाही. मग त्याला स्कोअरबोर्ड बघायला सांगितलं. त्यावरची अक्षरं उलटी, आणि मुलाच्या पाठीवरचा 3 म्हणजे गोलसर इंग्रजी ई. तो गप्प झाला, मग हसला, मग माफी मागितली. दोन्ही काठांना भोकं असलेली फिल्म पालथी घातली तरी यंत्राला कळत नाही, असं त्याने समजावलं. दोन रिळं पालथी गेली होती. फुकट परत करून दिली, तीन आठवड्यांत. पुढच्या वेळी कोणी फिल्म देईल त्याने पहिल्याच दिवशी अक्षरं शोधावीत, पाटी, जर्सी, मोटारीची नंबरप्लेट, काहीही.

आता चेंडूचं.

त्या सीझनला आमची टीम आठ जिंकली, दोन हरली. ओहायोत 1972 पासून प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला, कोण जाणार ते कॉम्प्युटरच्या गुणांवर ठरतं. तुम्ही किती जिंकलात आणि तुम्ही ज्यांना हरवलंत ते किती जिंकले, असा हिशेब. आठ विजय असूनही आमचा नंबर लागला नाही. दुसरी हार 14-13, परगावी, ऑक्टोबरच्या शेवटी, पावसात. शेवटचे काही सेकंद उरले असताना 20 यार्डाच्या रेषेवर आमचा चेंडू. शेवटच्या रेषेपर्यंतचे दहा आणि मागे चेंडू लावायचे सात मिळवले की 37 यार्डांची किक होते. दोन खांबांमधून गेली तर तीन गुण. ती बसली असती तर 16-14. ती उजव्या खांबाच्या बाहेरून गेली. हायस्कूलचे खांब पगारी लीगपेक्षा रुंद असतात, जवळजवळ पाच फुटांनी, हे त्या आठवड्यात आम्हाला गावात तीन जणांनी ऐकवलं.

घरात हा विषय कोणी काढत नसे. पोरगं ख्रिसमसपर्यंत धड जेवलं नाही.

तर ते रीळ सापडलं, 007. साठीच्या दिवशी सगळे जमले, टीव्हीवर लावलं. पाऊस दिसत नाही, फक्त मैदान चकाकतं. ओळी लागल्या. चेंडू मागे आला, गुडघ्यावर बसलेल्या मुलाने तो रबराच्या दोन इंची पट्टीवर टेकवला (हायस्कूलमध्ये ती पट्टी चालते, आणि आमच्याकडची ह्यांनी कारखान्यातून कापून आणलेली होती), आमचा चिरंजीव तिरका धावत आला, पाय फिरला. आणि चेंडू नाही. म्हणजे पायापाशी होता, मग नाही. बावीस पोरं आणि पट्टेवाले पंच माना वर करून काळ्या आकाशाकडे बघतायत, आणि वर काहीच नाही. मग खांबाखालच्या पंचांनी हात आडवे हलवले, चुकली म्हणून.

कोणी बोलेना. मग मुलगाच म्हणाला, "आई, बॉल नाहीच, तर चुकला कसा?"

त्रेचाळीस वर्षांनी त्या किकवर आमच्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं. नात तर सोफ्यावरून खाली पडली.

झालं होतं असं, की साफसफाई करणारा प्रोग्राम फिल्मच्या एका चौकटीत (फ्रेममध्ये) दिसतो आणि पुढच्या-मागच्या चौकटीत त्या जागी दिसत नाही, अशा बारीक ठिपक्याला कचरा समजतो. धुळीचा कण असाच असतो. लांबून घेतलेल्या चित्रात वेगाने उडणारा चेंडूही असाच असतो. मी सगळी रिळं परत तपासली. लांबचे बरेच पास, बहुतेक किक, सगळ्यांत चेंडू मधूनच गायब. पैसे देऊन फुटबॉलमधून फुटबॉल काढून घेतला मी.

परत फोन. गुणी मुलाने सांगितलं की साफ न केलेला मूळ स्कॅन त्यांच्याकडे 60 दिवस ठेवलेला असतो. त्रेपन्नावा दिवस चालू होता. त्याने तो पाठवला आणि साफसफाईचे 216 डॉलर परत केले. एरवी टपाल, पेनड्राइव्ह धरून बिल साधारण 1,140 डॉलर झालं होतं, ते सव्वानऊशेवर आलं.

मूळ स्कॅन मी आधी एकटीने पाहिला. घाणेरडा आहे. पाऊस पडतोय असं वाटावं इतक्या उभ्या रेघा, कोपऱ्यात केस नाचतायत. चेंडू मात्र आहे, आणि खरंच खांबाच्या बाहेरून जातो, हातभर अंतराने. पण माझ्या लक्षात दुसरंच काही आलं. रेघा सगळीकडे सारख्या नाहीत. बाकीच्या रिळावर तुरळक, आणि त्या शेवटच्या खेळाशी एकदम दाट. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, कोचकडे कोडॅकचा ॲनॅलिस्ट नावाचा प्रोजेक्टर होता, वायरला लावलेल्या बटणाने फिल्म मागे-पुढे करता यायची. सोमवारी टीमला बसवून ते एकेक खेळ दहा दहा वेळा मागे-पुढे करायचे. जितक्या वेळा फिल्म प्रोजेक्टरमधून गेली, तितके ओरखडे.

मग आम्ही दोघं चौकट चौकट पुढे सरकवत बसलो. सगळ्यात जास्त ओरखडे किकच्या चौकटींवर नाहीत. ते त्याच्या आधी आहेत, चेंडू मागे येतो तिथे. चेंडू उंच येतो, बसलेला मुलगा तो डोक्याच्या वर पकडतो, घाईत टेकवतो, शिवण फिरवायला त्याला वेळच मिळत नाही. शिवण आमच्या मुलाच्या बुटाकडे, जी खरं तर समोर खांबांकडे हवी. त्याच्यापुढे, पाय फिरतो तिथून चेंडू खांबापर्यंत, फिल्म जवळजवळ कोरी. कोचने तिथे प्रोजेक्टर थांबवून मागे नेला असणार, दर वेळी.

मुलगा म्हणाला, "त्या सोमवारी सर मला एक शब्द बोलले नव्हते. मला वाटलं, रागावलेत." एवढं बोलून त्याने चष्मा पुसायला घेतला, बराच वेळ पुसला.

ह्या रेघा मी सहा सेंट फुटाने काढून टाकायला निघाले होते.

एक गोष्ट या सेवेच्या बाजूने लिहायलाच हवी. स्कॅनचा दर्जा खरोखर चांगला आहे, टीव्हीवर मोठं केलं तरी फुटत नाही. घरच्या मैदानावरच्या सामन्यांत, कॅमेरा जिथून आहे त्याच्या समोरच्या कडेला, दहा यार्डांची साखळी धरणारी माणसं दिसतात. चार वेळा चेंडू खेळवून दहा यार्ड पुढे गेले की नाही ते मोजायची ती साखळी. धरायला पालकच असतात, फुकट. त्यातला एकजण बाकीच्यांपेक्षा बुटका, काठी दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, आणि डोक्यात माकडटोपी. सगळ्या ओहायोत त्या रात्री माकडटोपी घालून उभा असलेला माणूस एकच असेल. साखळी पुढे न्यायची खूण झाली की तो बाकीच्यांच्या आधी पळतो आणि मग थांबून मागच्यांची वाट बघतो. आम्ही बाजारात जायचो तेव्हाही असंच. 002 मध्ये, साधारण सातव्या मिनिटाला, एक धिप्पाड पोरगं बाहेर घसरत येतं तेव्हा काठी टाकून उडी मारताना दिसतात. फायलीचं नाव मी आता बदललं आहे.

ज्यांना काम द्यायचं असेल त्यांनी साफसफाईची खूण आधी काढा. मूळ स्कॅन मिळेल असं ईमेलवर लिहून घ्या, फोनवर नको. डब्यांवरच्या मजकुराचे फोटो काढून ठेवा. आणि काम आल्यावर 60 दिवस संपायच्या आत सगळं शेवटपर्यंत बघा, माझ्यासारखी साठीची वाट बघू नका.

न झालेली दोन रिळं परत आली आहेत. टाकून द्या म्हणाले, वास पसरतो आणि बाकीच्या फिल्मलाही लागतो. टाकवत नाहीत. गॅरेजमध्ये ह्यांच्या हत्यारांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहेत, झाकण किलकिलं करून, लोणच्याच्या बरण्यांपासून लांब.